शंभर पावलं मोजून

मला एका जागी बसवत नाही. आणि नोकरी बघा, नेमकी बसायची! न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या एका दुधाच्या कंपनीत मी टँकरचे मार्ग आखतो. कुठल्या फार्मवरून दूध कधी उचलायचं, कुठला रस्ता बंद आहे, कुठला ड्रायव्हर आज आलेला नाही. सगळ्या वायकाटो प्रांतात टँकर धावतात आणि मी आठ तास तीन स्क्रीनसमोर. पाय तेवढा टेबलाखाली हलत असतो. समोरच्या बाईंनी एकदा शांतपणे सांगितलं की त्यामुळे त्यांची कॉफी हिंदकळते. मी सॉरी म्हणालो, पाय दाबून धरला, आणि पाच मिनिटांत दुसरा सुरू झाला.

मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, शुगर आता काठावर नाही, आत आलीय. गोळी सुरू करा, सलग बसू नका, चाला. मी गोळ्या आणल्या आणि न खाता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. घरी बोललो नाही. माझी बायको हॉस्पिटलात नर्स आहे, तीही डायबेटिसच्या पायांच्या क्लिनिकमध्ये. दिवसभर न भरणाऱ्या जखमा धुऊन येते. तिला सांगायचं म्हणजे घरातच वॉर्ड उघडायचा, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं कारण वेगळं. माझे वडील बँकेत होते, जन्मभर खुर्चीत. शेवटी त्यांचं डावं पाऊल कापावं लागलं. मला भीती वाटत होती आणि तिच्यासमोर ती कबूल करायची नव्हती.

शिवाय माझ्याकडे उपाय होता ना! शतपावली. इथे सगळे डेस्कवरच सँडविच खातात आणि त्याच हातानं माउस धरतात. मी मात्र डबा खाऊन, चूळ भरून, कार पार्कमध्ये उतरायचो. ऊन असो, पाऊस असो. पन्नास पावलं पार कुंपणापर्यंत, पन्नास परत. शंभर मोजून झाली की वर. बारा वर्षं एक दिवस चुकवला नाही, आणि हे मी येईल त्याला ऐकवायचो.

आमची टीम लीडर माओरी बाई आहे, पन्नाशीची. तिनं सगळ्यांसाठी उभं राहून काम करायची टेबलं मागवली. मी दोन दिवस उभा राहिलो, तिसऱ्या दिवशी टेबल खाली घेतलं. तिनं चालता चालता मीटिंग सुरू केल्या, मी स्क्रीन सोडता येत नाही म्हणून टाळल्या. एकदा दुपारी ती कार पार्कमध्ये भेटली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मी तिला रंगवून सांगितलं, आमच्याकडे ही किती जुनी पद्धत आहे, जेवणानंतरची शंभर पावलं, वगैरे. ती कौतुकानं ऐकत होती. कुंपणाला हात लावून आम्ही परत आलो आणि दाराशी मी थांबलो.

"का थांबलास?" तिनं इंग्रजीत विचारलं.

शंभर झाली, मी म्हणालो. ती हसली, स्वीट अॅज, म्हणजे छानच, म्हणाली आणि तशीच पुढे चालत गेली.

मला असा राग आला! आमच्या पूर्वजांना अक्कल नव्हती का? वर जाऊन बसलो, पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी फोनवर वेळ लावून शंभर पावलं चाललो. मिनिटही पुरतं झालं नाही. बारा वर्षं मी दिवसाला एक मिनिट चालत होतो आणि वर तोंड करून जगाला शहाणपण शिकवत होतो. ज्यानं कोणी शंभर म्हटलं, त्यानं बाकीचा दिवस खुर्चीत काढ असं थोडंच म्हटलं होतं. एवढं साधं मला कळू नये?

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी तिच्या चालत्या मीटिंगला गेलो. नदीकाठानं, चांगला पाऊण तास. ती टँकरच्या वेळांबद्दल बोलत होती आणि मी तिच्याही पुढे धावत होतो. तळव्यांखाली गादी असल्यासारखं मऊ लागत होतं. नवे बूट भलतेच आरामाचे आहेत, असं मी तिला दोनदा सांगितलं. संध्याकाळी गाडी चालवत घरी आलो तो खुशीत. आता रोज जायचं, तीन महिन्यांत शुगर खाली आणायची आणि मग बायकोला सगळं हसत हसत सांगायचं, असं मनात पक्कं झालं होतं.

बायकोला सुट्टी होती. ती ओट्याशी कांदा चिरत होती. मी दारात बूट काढले आणि चालल्याचं सांगत आत आलो. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती. दारापासून माझ्यापर्यंत लाल डाग पडले होते.

तिनं बूट उलटा केला. हरभऱ्याएवढा टोकदार खडा पडला. आत्ताच फाटकाशी गेला असेल, मी म्हणालो. तिनं बुटाच्या आतल्या तळावरून बोट फिरवलं. "हे रक्त वाळलंय," एवढंच म्हणाली.

तिनं मला सोफ्यावर बसवलं, जखम धुतली, पट्टी बांधली. शुगर किती दिवसांपासून आहे, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी ठोकून दिलं असतं. मग कामाच्या पिशवीतून तिनं नायलॉनचा एक बारीक दोरा काढला, पेनासारख्या दांडीला लावलेला. माझा दुसरा पाय, जखम नसलेला, मांडीवर घेतला आणि डोळे मीट म्हणाली. दोरा लागला की सांगायचं.

टाचेला लागला. सांगितलं. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिलो. तिचा श्वास ऐकू येत होता.

"आता लाव की," मी वैतागून म्हणालो.

"पाच ठिकाणी लावून झाला."

मी डोळे उघडले. वर्षभर ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या गोळ्यांचं तिला सांगितलं. ती रडत होती. तिनं माझ्या पायाची बोटं मुठीत घट्ट धरली होती. मला ते दिसलं, म्हणून कळलं.