पंखावरची जास्तीची शीर

माझी ताई लांब पायांच्या माश्या निवडते. बहीण काय करते असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. त्या माश्या तुम्हीही पाहिल्या असतील. न्हाणीघराच्या भिंतीवर तंगड्या पसरून बसलेला, डासासारखा दिसणारा पण डासाच्या चौपट मोठा जीव. लोक त्याला डासांचा बाप समजून चपलेने मारतात. 'अगं, तो चावत नाही, धड खातसुद्धा नाही,' हे ताईचं वाक्य आता शिलाई मशीन चालवता चालवता मीच तिच्याआधी पुरं करते.

कीटकसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला तिची खोली आहे. ओढ्याकाठच्या सापळ्यांतून बाटल्या येतात. त्यातल्या ज्या माशीच्या पाठीवर बाणाच्या टोकासारखी खाच असेल, ती ताईची. मग तोंडाजवळच्या मिशीचं शेवटचं पेर बघायचं. ते चाबकासारखं लांब असेल तर एक घराणं, आखूड असेल तर बाकीची घराणी. त्यानंतर पंख. पंखावर शिरांचं जाळं असतं आणि कुठली शीर कुठे फुटते, कुठे मिळते, यावरून जात ठरते. जगात अशा पंधरा हजारांहून जास्त जाती आहेत. काही चिलटाएवढ्या, काही तळहातभर, काहींना तर पंखच नाहीत, त्या बर्फावर चालत फिरतात. पाय मात्र सगळ्यांचेच नुसता हात लागला तरी गळतात. म्हणून प्रत्येक माशीसोबत एक पुडी ठेवायची आणि तिचे गळलेले पाय तिच्याच पुडीत घालायचे. या पुड्यांमुळे तिथले लोक ताईला 'तंगडीबाई' म्हणतात. तिला हसू येतं. मला राग येतो.

एक दिवस ती घरी आली ती नाचतच. एका माशीच्या पंखावर तिला जास्तीची शीर दिसली होती, केसासारखी बारीक, कुणी कधी न नोंदलेली. तिच्या सरांनी स्वतः अजून पाहिली नव्हती, ते परगावी होते, पण फोनवर म्हणाले होते, "बाई, तशा माश्या वेगळ्या काढून ठेवा. नवी जात असेल."

मग तशा माश्या मिळतच गेल्या. एकीत शीर जरा वर, एकीत जरा खाली, एकीत वाकडी. ताई मन लावून त्यांचे तीन ढीग करत राहिली. जेवताना मला बोटाने ताटावर आखून दाखवायची. मी म्हटलं, "इतकी वर्षं कुठे लपल्या होत्या गं ह्या?" तर म्हणाली, "नशीब असतं."

आणि एका दुपारी मान अवघडली म्हणून तिने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. शीर भिंतीवर होती. डोळा हलवला की शीर सरकायची. माझ्या हुशार बहिणीने स्वतःच्या उजव्या डोळ्यातल्या धाग्याच्या तीन जाती पाडल्या होत्या.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. तिन्ही ढीग गुपचूप मोडून टाकले आणि सरांना कळवलं की आपली चूक झाली. मला तेवढंही नाही. त्याला कारण होतं. आमच्या आईचे डोळे असेच गेले. आधी धागे, मग कडेला विजा चमकल्यासारखं, मग खालून वर चढत जाणारा काळा पडदा. शेवटी ती भिंतीला हात लावत घरात फिरायची आणि दार उघडं आहे की बंद, ते आम्हाला विचारायची. ताईने ते सगळं पाहिलं होतं. डॉक्टरकडे गेलं की ते खरं होणार, नाही गेलं तर कदाचित नाही, असा तिचा हिशोब. शिकलेली बाई, पण भीतीपुढे कुणाची अक्कल चालते?

मला कळलं ते चहामुळे. तिने कप ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. कप फुटला, आणि ती खाली वाकून तुकडे बघण्याऐवजी हाताने चाचपायला लागली. तो हात मी ओळखला. आईचाच हात. मी तिच्यावर ओरडले, अगदी वाट्टेल ते बोलले. मग हाताला धरून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी मुलामा दिला नाही. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता. ऑपरेशन झालं, तरी त्या डोळ्याला आता नुसत्या सावल्या दिसतात. "धागा दिसला त्याच दिवशी आला असतात तर लेसरने भागलं असतं," त्या म्हणाल्या. "डावा पडदाही पातळ आहे. त्या डोळ्यात नवं काही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

ताई एका डोळ्यावर पुन्हा कामाला लागली. मी मात्र तेव्हापासून धड जगलेच नाही. ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली तरी मशीनवरचा माझा पाय थांबायचा.

परवा सकाळी तिचा फोन आला. "ये. आत्ता ये. काही विचारू नकोस."

मी पोचले तेव्हा ती मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. तिने डोळा वर केला नाही. "पंखावर एक जास्तीची शीर दिसतेय," ती म्हणाली. "मी भिंतीकडे पाहिलेलं नाही. माझी छाती होत नाहीये."

"सरांना बोलाव ना."

"मला घरचं माणूस हवंय." मग डोळे मिटूनच ती बाजूला सरकली. "तू बस इथे. दिसतंय का, ते मला तोंडाने सांगू नकोस. तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलशील. कापड बेततेस तशी दिसेल ती रेघ कागदावर काढ. एक सोडू नकोस, एक घालू नकोस."

खरं होतं. मी धडधडीत खोटं बोलले असते. पण कुठली रेघ जास्तीची हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून खोटं बोलायलाही जागा नव्हती. भिंगाखाली पंख काचेसारखा पसरला होता आणि त्यात तपकिरी रेघाच रेघा. मी एकेक रेघ काढली, पुन्हा पाहिलं, पुन्हा ताडून बघितलं. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

ताईने डोळे उघडले. तिचं बोट रेघांवरून हळूहळू फिरत गेलं आणि मधल्या एका कोऱ्या जागेवर थांबलं.

"चुकलं का गं काही?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "अगदी बरोबर काढलंयस." तिने माशीवर झाकण ठेवलं, दिवा बंद केला आणि खुर्चीवरची पर्स घेतली. "चल, माझा हात धर. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून निघायच्या आत पोचायला हवं."