ग्लिन यांचा दुबईतला प्रचार

ग्लिन गेल्याचं कळलं त्या दिवशी मी लिफ्टमध्ये चक्क हसत होतो! आठव्या मजल्यावरचं कुटुंब अखेर मुलांना मराठीच्या वर्गात पाठवायला तयार झालं होतं, आणि ही बातमी आधी ग्लिननाच द्यायची म्हणून मी वर निघालो होतो. दार त्यांच्या लेकीनं, केरिसनं उघडलं. "ही इज गॉन, अश्फाकभाई. आज सकाळीच." महिना उलटला, पण अजून काही चांगलं घडलं की मी बाराव्या मजल्याचं बटण दाबतो.

वेल्समधल्या एका खाणीच्या गावात हा माणूस आधी टपाल वाटायचा. दारोदार ओळख, म्हणून गावानं नगरसेवक केलं, मग तिथल्या विधिमंडळात धाडलं. गावात वेल्श भाषेची शाळा हवी म्हणून वर्षानुवर्षं भांडले आणि करून दाखवली. पुढे निवडणूक हरले, बायको वारली, तेव्हा केरिस त्यांना दुबईला घेऊन आली. इथे ना वॉर्ड, ना मतदार! बिचारे कंटाळले होते. एकदा लिफ्टमध्ये मी माझ्या मुलीशी, सनाशी, मराठीत बोलत होतो आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती. त्यांनी कान टवकारले. भाषा कुठली, वर्ग कुठे भरतो, सगळं इंग्रजीत विचारलं. वर्ग नाही म्हटल्यावर म्हातारा असा खुलला! "यल्ला, चल, भरवू या!"

मग काय, रास अल खोरमधलं माझं स्पेअर पार्टचं दुकान बंद झालं की रोज संध्याकाळी आम्ही बिल्डिंगमधल्या मराठी घरांची दारं वाजवत फिरायचो. यादी त्यांची: तयार असेल त्याला बरोबरची खूण, नकाराला फुली, आणि डळमळीत असेल त्याला प्रश्नचिन्ह. मी आपला तयार असलेल्यांकडेच चहा पीत बसायचो, तिथे कौतुक व्हायचं ना! ते ओरडायचे, "ही मतं मिळाली, खलास! प्रश्नचिन्हाकडे चल." काय दिवस होते...

एकदा यादी वाचता वाचता ते थांबले. "यात तुझं घर कुठंय?"

"ते पक्कंच आहे."

"विचारलंस?"

घरी जाऊन विचारलं. सना म्हणाली, "आय ॲम नॉट कमिंग, अब्बा. हूम विल आय टॉक टू इन मराठी? यू आर नेव्हर होम."

दुसऱ्या दिवशी मी हे चिडून सांगितलं. ग्लिननी यादी घडी करून खिशात ठेवली. "सगळ्या गावाची मुलं त्या शाळेत वेल्श शिकली... केरिसही. पण माझ्याशी इंग्रजीच बोलते. तेव्हा रोज संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या दारात असायचो. तू घरी जा, अश्फाक. उरलेली दारं मी वाजवतो." आणि वाजवली, दुखरे गुडघे घेऊन!

ओळखीच्या हॉटेलवाल्यानं शनिवारी सकाळची जागा दिली, वर्ग भरला. ग्लिन मागे बसून, एक अक्षर कळत नसताना टाळ्या पिटायचे. तिसऱ्या शनिवारी सना आली. मला किती आनंद झाला, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात केरिस घरी आली. चहा तसाच ठेवून इंग्रजीत म्हणाली, "डॅड माझ्याबद्दल कधी काही बोलले का?" मी सगळं सांगितलं. "हे त्यांनी मला सांगायला हवं होतं," म्हणाली आणि रडली.

ती गेल्यावर सना माझ्याजवळ येऊन बसली. "अब्बा, केरिस आंटी का रडली?"

मराठीत. दुकानाचा फोन वाजत होता, तो मी बंद केला आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.