शहरातली शेवटची प्रत

मी बंगळूरातल्या एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल आहे. माहेर बेळगावकडचं, राहते बनशंकरीत, आणि स्वभाव तापट. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, "लायब्ररीतल्या अक्कांशी जपून बोला हं." मला त्याचं काही वाईट वाटत नाही. उलट बरं पडतं.

मध्यंतरी आमच्या संचालकांना लायब्ररीची मागची खोली हवी झाली. तिथे जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड होते. ते हलवायचे आणि मऊ खुर्च्या टाकून मुलांना 'चर्चेसाठी' जागा करायची, असा बेत. मी नको म्हटलं. तेव्हा त्यांनी संयुक्त सूचीच उघडून माझ्यापुढे धरली. शहरातल्या ग्रंथालयांनी मिळून केलेली ही यादी. कुणाकडे काय आहे ते तिच्यात दिसतं आणि आम्ही एकमेकांना लागेल ते पाठवतो. "बघा अक्का, सगळं ऑनलाइन आहे. वर छापील प्रती आणखी तीन ठिकाणी आहेत. आपणच कशाला धूळ सांभाळायची?" त्या यादीसाठी मी स्वतः राबलेली. तिच्याविरुद्ध काय बोलणार? गठ्ठे बांधून कॉरिडॉरमध्ये रचले गेले. शिवाजीनगरचा रद्दीवाला शनिवारी यायचा होता.

गुरुवारी निपाणीची एक मुलगी आली. आमच्याकडेच पीएचडी करत होती, शेवटचं वर्ष. इतरांशी इंग्रजी, माझ्याशी मराठी, आणि रडू आलं की तिसरंच काहीतरी कानडी मिसळलेलं. तिचा विषय शहराच्या पूर्वेकडचे बुजवलेले तलाव. होसकोटेच्या वाटेवर आज जिथे मोठी वसाहत उभी आहे तिथे एक तलाव होता, असं ती मातीच्या नमुन्यांवरून म्हणत होती. पुरावा एकच, आमच्या त्या बांधलेल्या नियतकालिकांपैकी एकातल्या जुन्या लेखासोबतचा नकाशा.

"अगं, मग ऑनलाइन बघ की."

"बघितलं अक्का. तुम्हीच बघा."

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. पानावर नकाशा होता, पण घडी घातलेला! स्कॅन करणाऱ्या महाभागाने घडी उलगडलीच नव्हती. पिवळट कागदाची एक चौकोनी पाठ तेवढी दिसत होती. नियतकालिक चालवणारं मंडळ कधीच बंद पडलेलं, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, तरी कुणा तिसऱ्यानेच ते विकायला मांडलेलं. म्हणजे मिटलेल्या कागदाचा फोटो बघायला पैसे भरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या गाइडनी बजावलं होतं, मूळ नकाशा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते प्रकरण प्रबंधात घालायचं नाही. आणि प्रबंध महिनाअखेरीला द्यायचा. त्या एका प्रकरणासाठी ही पोरगी उन्हातान्हात माती उकरत हिंडली होती. ते काढलं तर बाकी प्रबंधात राम उरत नव्हता.

आमचे गठ्ठे सुतळीने आवळलेले, म्हणून मी आधी शेजारच्या ग्रंथालयाला फोन लावला. तिथली ग्रंथपाल माझी जुनी मैत्रीण. म्हणाली, "तो सेट? आम्ही काढला ना उन्हाळ्यात. यादीत तुमच्याकडे दिसत होता." दुसरीकडे लावला. "मॅडम, आमच्याकडे जागा नव्हती. तुमच्याकडे आहे बघूनच दिला की." तिसऱ्याने तर मलाच विचारलं, "का, तुमच्याकडे नाही?"

तेव्हा उलगडा झाला. प्रत्येकाने यादी बघितली, दुसऱ्याच्या भरवशावर आपला सेट काढला आणि यादीतून नाव कमी करायचं राहून गेलं. कामचुकार कुणीच नव्हतं, सगळ्यांनी यादीवर विसंबूनच शहरातून ते नियतकालिक पुसत आणलं होतं. उरली ती आमची प्रत, बाहेर कॉरिडॉरमध्ये, रद्दीवाल्याची वाट बघत.

"चल ऊठ," मी तिला म्हटलं. दोघी फरशीवर बसून गठ्ठे सोडायला लागलो. सुतळीने बोटं सोलवटली, धुळीने शिंका सुटल्या. शेवटी तो खंड मिळाला. तिने नकाशाची एकेक घडी इतक्या हळू उलगडली की मीच म्हटलं, "अगं लवकर, माझा जीव जातोय." आणि तलाव होता! निळ्या रंगात, बांधासकट, सांडव्यासकट. पोरगी माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात संचालक आले. "हे काय चाललंय?" मी फरशीवरूनच सुनावलं, "शहरातली शेवटची प्रत आहे ही. न्यायची तर आधी मला रद्दीत घाला." ते पुढे आले. वाकले, मग चक्क उकिडवे बसले आणि नकाशावर बोट फिरवायला लागले. त्यांचा फ्लॅट त्याच वसाहतीत होता. बोट निळ्या रंगाच्या मधोमध थांबलं. "तरीच," ते पुटपुटले, "दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी." खोली खंडांकडेच राहिली.

पुढे आम्ही चारही ग्रंथालयांनी बसून ठरवलं. कुठला सेट कुणी शेवटपर्यंत जपायचा ते वाटून घेतलं. आता जपणाऱ्याला फोन करून त्याचा होकार कानांनी ऐकल्याशिवाय कुणी काही काढत नाही. नकाशा नीट स्कॅन करून आम्ही आमच्या खुल्या संग्रहात टाकला. पासवर्ड नाही, पैसे नाहीत. मुलीनेही मातीची सगळी मोजमापं त्याच्याशेजारी ठेवून दिली. "कुणीतरी चोरेल ना," तिच्या मैत्रिणी म्हणाल्या. "चोरू देत, तपासतील तरी," ही म्हणाली. मला पोरीचा असा अभिमान वाटला!

तिच्या व्हायवाला मी गेले. बांधीव खंड बाहेर देत नाही आम्ही, म्हणून तो पोटाशी धरून मीच गेले. हॉल भरलेला. बाहेरगावचे परीक्षक नामांकित, केस पिकलेले. तलावाचं प्रकरण आलं तसं त्यांनी तिला थांबवलं. मूळ नकाशा कुठे आहे, विचारलं. मुलीने मागे वळून हाक मारली, "अक्का, या ना." उलगडलेल्या नकाशाचं एक टोक तिने धरलं, एक मी. परीक्षक खुर्चीतून उठून आले, चष्मा वर सारून नाक लावून बघत राहिले.

"या लेखाचा हवाला मी उभ्या जन्मात किती वेळा दिला असेन," ते म्हणाले. "नकाशा आज पहिल्यांदा बघतोय."

मुलगी शांतपणे म्हणाली, "आता कुणालाही बघता येईल, सर. आमच्या लायब्ररीने उघडून ठेवलाय."