शेंदूर लावलेलं ॲशचं झाड

शनिवार उजाडला की माझे पाय आपोआप दुखायला लागायचे. आठवडाभर शाळेच्या किचनमध्ये उभं राहून पोरांना फिश फिंगर्स वाढायच्या, शनिवारी जरा अंग टाकावं म्हटलं, तर नीनाकाकूंचा फोन ठरलेला. "सीमा, निघालीस का गं?" निघालीस का म्हणे! जशी काही मी त्यांची ड्रायव्हरच. पण नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी लग्न होऊन इंग्लंडात नॉटिंगहॅमला आले तेव्हा इथे ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दारातून पिठलंभाताचा डबा आला होता. तो काकूंचा.

काकू मूळच्या वाईच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या, कमलाकरकाकांशी लग्न करून इकडे आल्या आणि सगळी हयात बाळंतिणींच्या वॉर्डात घालवली, तीही रात्रपाळीत. काका त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, पण दिवसपाळीत. "आमचा संसार म्हणजे दारातली भेट," काकू म्हणायच्या. "हे आत यायचे, मी बाहेर पडायची. किल्ली हातात देताना काय ते बोलून घ्यायचं." रिटायर झाल्यावर एकत्र फिरू म्हणाले होते, तर काकांनी चारपाच वर्षांतच एक्झिट घेतली.

त्या चारपाच वर्षांत मात्र काका काकूंना दर शनिवारी गावाबाहेरच्या रानात न्यायचे. त्यांना झाडांचं वेड. ओक, बर्च, रोवन, हॉली, इथल्या मातीतल्या सगळ्या झाडांची त्यांनी काकूंना नावानिशी ओळख करून दिली, सासरच्या माणसांची करून द्यावी तशी. ओकवर त्यांचा विशेष जीव नव्हता. "त्याला काय, सगळेच नमस्कार करतात," म्हणायचे. त्यांचं लाडकं झाड ॲशचं. सगळ्यांच्या मागून पालवी येणार, सगळ्यांच्या आधी गळून मोकळं होणार. पान थेट कडुनिंबाच्या वळणाचं. "गावाकडचं वाटतं की नाही?" असं काकांनी विचारायचं आणि काकूंनी "काहीतरीच तुमचं" म्हणायचं.

काका गेल्यावर अर्ध्या अस्थी कृष्णेत सोडल्या आणि अर्ध्या काकूंनी त्या ॲशच्या मुळाशी घातल्या. तेव्हापासून शनिवारचा ड्रायव्हर बदलला, एवढंच.

मुलगी, स्वराली, साउथहॅम्प्टनला डॉक्टर. चांगली मुलगी आहे हो, फक्त इथेच वाढल्याने मराठी जरा मोडकं. दर रविवारी फोन करायची, "आई, माझा खोली रिकामी आहे, तू कधी येते?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "ह्यांना इथे सोडून कुठे येऊ मी?" ते झाड होतं म्हणून काकू नॉटिंगहॅममध्ये होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकू तिथे जाऊन करायच्या काय, तर खोडाला पाठ टेकून उभ्या राहायच्या आणि आठवड्याचं सगळं सांगायच्या. कचऱ्याचे बिन उचलायला कौन्सिलवाले आले नाहीत, गुडघा धरलाय, सीमाचा नवरा हरीश अजून भांडी घासत नाही. हो, माझ्या घरातलंसुद्धा! मी लांब उभी राहून कुडकुडत ऐकायची.

परवाच्या ऑक्टोबरची गोष्ट. रानात शिरलो आणि काकू मधेच थांबल्या. "अगं बाई! सीमा, हे बघ."

वाटेवरच्या ॲशच्या झाडांवर, छातीच्या उंचीला, एकेक केशरी ठिपका. चांगला तळहाताएवढा. एकावर, दुसऱ्यावर, पलीकडच्यावर. ओकला नाही, बर्चला नाही, फक्त ॲशला.

"शेंदूर लावलाय कुणीतरी," काकू म्हणाल्या. चेहरा असा उजळला की मला बरंच वाटलं. "आपल्यापैकी कुणीतरी येतं बघ इथे. ॲशला देव मानणारं कुणीतरी आहे. ह्यांना किती आनंद झाला असता!"

आता मला सांगा, कुठल्याही महाराष्ट्रातल्या माणसाने झाडावर केशरी ठिपका बघितला तर तो दुसरं काय समजेल? मीसुद्धा चपला काढायच्या बेतात होते. मला वाटलं असेल इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाची तरी हौस, आणि मी कंटाळलेली, घरी कपडे वाळायचे बाकी. विचारायचं कुणाला आणि कशाला?

पण काकांच्या झाडापाशी पोचलो, तर त्याच्यावर ठिपका नाही. काकूंनी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग ज्या काही रागावल्या! "सगळ्यांना मान, आणि ह्यांनाच तेवढं वगळलं? जन्मभर हेच झालं ह्यांचं. प्रमोशनच्या वेळी हेच, मंडळाच्या कमिटीत हेच."

पुढच्या शनिवारी पर्समधून शेंदराची पुडी निघाली. सोबत वाटी आणि गोडेतेलाची बाटली. काकूंनी तिथेच शेंदूर कालवला, दोन बोटांनी ठिपका काढला आणि कडेने गोल नीट करून घेतला. वॉर्डातल्या बाईंचं काम ते, गबाळं कसं असेल! शेजारच्या झाडावरच्या ठिपक्याशी ताडून बघितला. सारखा झाला. काकूंनी हात जोडले, मीही जोडले. परतताना त्या इतक्या खुशीत होत्या की वाटेत स्वतःहून मला कॉफी पाजली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते असं.

मधे काकूंना सर्दीतापाने गाठलं, मग माझी पाठ धरली. शनिवार बुडत गेले. आम्ही गेलो ते थेट जानेवारीत. गाडीतून उतरल्याबरोबर वास आला, ओल्या लाकडाचा. वाटेच्या दोन्ही बाजूंना ओंडके रचून ठेवलेले, प्रत्येकावर अर्धामुर्धा केशरी डाग. काकू तडक पुढे निघाल्या. त्या वयात एवढ्या भराभर चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

काकांच्या झाडाच्या जागी बुंधा होता. पांढरा, ताजा.

रानाची देखरेख करणारा वॉर्डन तिथेच उभा होता. काकूंना तो ओळखायचा, येताजाता हात करायचा. त्याने टोपी काढली आणि सांगितलं, ॲशच्या झाडांना रोग आलाय, वरून वाळत येतात आणि वाटेवर पडतात, म्हणून तोडायच्या झाडांवर आम्ही ही केशरी खूण करतो. "पण हे निरोगी होतं. आजूबाजूची सगळी मेली तरी ह्याला काही झालं नव्हतं. बी धरायला मी मुद्दाम राखलं होतं. अजून शंभर वर्षं सहज उभं राहिलं असतं." तोडणाऱ्यांचा मुकादम शपथेवर सांगत होता की झाडावर खूण होती. वॉर्डनचा विश्वास नव्हता. त्या मुकादमाला आता पुन्हा काम मिळणार नाही, म्हणाला.

मी काकूंचा दंड धरला. "चला काकू. थंडी आहे."

गाडीत बसवलं, पट्टा लावला. मी म्हटलं, "काकू, झालं ते झालं. कुणाला कळायचं नाही. तुम्ही काही मुद्दाम केलंत का?"

काकूंनी पट्टा काढला. "अगं, त्या माणसाच्या पोटावर पाय येतोय."

"काकू, नका हो! माझ्यात आता त्राण नाही."

"मग तू बस." दार उघडून निघाल्यासुद्धा. शिव्या घालत मी मागे. चिखलात दोनदा घसरले.

काकू वॉर्डनपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वॉर्डातल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, खूण मी केली. तो बघतच राहिला. पुन्हा विचारलं, तुम्ही? का? काकूंनी शेंदूर, मारुती, देव असं काहीबाही सांगायला सुरुवात केली, मधेच थांबल्या, दमल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे हा रंग, जे कधी तोडायचं नाही, त्याला लावतात."

तो म्हणाला, मुकादमाला मी फोन करतो. काकूंनी मान हलवली आणि बुंध्याकडे न बघता परत फिरल्या.

गाडीत म्हणाल्या, "स्वरालीला लाव." मी स्पीकरवर लावला.

"आई? आज शनिवार आहे. काय झाला? तू रडते का?"

"मी मारलं गं तुझ्या बाबांना," काकू म्हणाल्या. "माझ्या हाताने. ते नुसते उभे होते, कुणाला त्रास नव्हता त्यांचा. मला राहवलं नाही."

पलीकडे स्वरालीला काही कळेना. ती आई, आई करत राहिली. काकूंनी पदराने नाक पुसलं आणि एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "ती खोली आवरून ठेव. मी येते. इथे आता माझं कुणी राहिलं नाही."

मी शेजारीच बसले होते. मी फोन बंद केला आणि गाडी सुरू केली.