साडूंचं लहान पाकीट

अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी न चढता तिथल्या सगळ्या शाखा कोळून प्यालेला माणूस जिल्ह्यात एकच : आमचे साडू. उंद्रीत त्यांचं बियाण्यांचं दुकान. बारावीचा निकाल लागला की कपाशीचं बियाणं घ्यायला आलेली गर्दी खोळंबून ठेवून ते पोरांच्या बापांना शाखा निवडून देत. काउंटरवर बीटीची पाकिटं मांडत. "हे मेकॅनिकल. हे प्रॉडक्शन. हे ऑटोमोबाइल. बोंड एकच हाय, पाकीट बदलते. बीई मेकॅनिकलची करा, मंग एमईले शेजारचं कोनतंही घेता येते." साखरखेर्ड्याच्या एका गृहस्थाने भीत भीत कृषी अभियांत्रिकीचं नाव काढलं. साडूंनी बीटीसोबत येणारं साध्या कपाशीचं लहान पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "ते हे असं असते. फुकट जागा खाते."

ते लहान पाकीट खरं म्हणजे बांधाकडेनं पेरायचं असतं. अळीला तिथे चरू दिलं की ती बीटीला लवकर सरावत नाही. पाकिटावर तसं छापलेलंही होतं. पण उंद्रीत छापलेल्यापेक्षा साडूंच्या बोलण्याला वजन होतं; लोकही ते पाकीट फेकू लागले.

मग काही हंगामांनी, अळी लागू नये म्हणून घेतलेल्या बीटीच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली. एका दुकानदारामुळे सगळ्या मुलखात अळी येत नाही, असं मी सांगून पाहिलं. "गावाले फेकाले कोनं शिकवलं?" एवढंच ते म्हणाले. लोक किडकी बोंडं आणत, शिवी न देता काउंटरवर ठेवत आणि निघून जात. साडू मान वर करत नसत. शेगावला दर्शनाच्या रांगेत गावचं कुणी दिसलं, तेव्हा ते रांग सोडून खांबाआड उभे राहिले.

त्याच वर्षी त्यांची मुलगी मेकॅनिकल करून घरी आली. एमटेकला मशीन डिझाइन किंवा कृषी यंत्रं, दोन्ही मिळत होतं आणि एक लगेच पक्कं करायचं होतं.

"बाबा, साऱ्या गावाले सांगता, मले काऊन नाही सांगत?"

"मले नोको विचारू, माय. माह्यं ज्यायनं ऐकलं, त्यायचे वावरं पाह्यले ना तू?"

"पाह्यले. म्हनूनच कृषी यंत्रं घेऊन राह्यली. तुमी त्याले लहान पाकीट म्हनसान."

साडूंचे कान लाल झाले. ते सुतळी गुंडाळू लागले. "म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "घे."

पुढच्या हंगामात शाखा विचारायला आलेल्यांच्या पोरांना ते खाली बघून विचारत, "तुले काय आवडते?" पूर्वीचे साडू मला असह्य होत, तेच पुन्हा भेटावेत असं तेव्हा वाटलं. बीटी घेणाऱ्याच्या पिशवीत लहान पाकीट ते स्वतः ठेवत, "बांधानं पेरा हो," म्हणत. गिऱ्हाइकं हो म्हणत आणि चौकात पोचताच, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, ते फेकून देत. संध्याकाळी दुकान बंद करून साडू चौकातून वाकत वाकत घरी जात, पाकिटं वेचत.