सरांच्या गाडीच्या डिस्क

आमच्या सरांकडे साठच्या दशकातली एक अमेरिकन गाडी होती. लांबलचक बॉनेट, आत भलंमोठं इंजिन. सिंगापूरमध्ये साधी गाडी ठेवणंच आमच्या आवाक्याबाहेरचं. ही तर क्लासिक म्हणून नोंदलेली, वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणायची परवानगी. तिचे फोटो मात्र ऑफिसात सगळ्यांनी पाहिलेले होते.

सर म्हणजे आंग मो किओमधल्या आमच्या कारखान्याच्या खरेदी विभागाचे प्रमुख, मूळचे पुण्याचे. मी त्यांच्या हाताखाली मशीनचे सुटे भाग जगभरातून शोधून मागवायचं काम करायचे. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. मी एकटीच त्यांना ‘सर’ म्हणायचे, आणि ते मला ‘अगं’. परक्या देशात कुणी आपल्याला ‘अगं’ म्हटलं की मन फार लवकर सैल होतं.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. एका दुपारी कँटीनमध्ये सर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. एरवी ते मॅनेजर लोकांबरोबर बसत.

“अगं, एक काम करशील? ब्रेक दाबला की गाडीचं स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो, पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क गेल्या.”

“लेथवर घासून घेता येणार नाहीत का?”

“एकदा घासून झाल्यात. आता पार पातळ झाल्यात. नव्याच हव्यात, आणि इथं कुणाकडे नाहीत. तुझं तर कामच हे.”

मला बरं वाटलं. इतक्या माणसांतून त्यांनी मला विचारलं होतं.

शनिवारी मी गॅरेजात गेले. काढून ठेवलेल्या डिस्क हातात घेतल्या, व्हर्नियरनं व्यास मोजला, जाडी मोजली, मधल्या भोकाचं माप घेतलं. गाडी एकाच मॉडेलची असली तरी एका वर्षी डिस्क आणि चाकाचा मधला हब एकत्र ओतलेले, पुढे कधीतरी दोन्ही वेगळे केलेले. फोटोत फरक कळत नाही आणि चुकीची आली तर चाकच बसत नाही. अमेरिकेतल्या एका दुकानदारानं ठामपणे सांगितलं, हीच डिस्क. मी डिस्कची खोली मोजून कळवायला सांगितली, तर माप जुळेना. दुसऱ्याकडे होती, पण गंजलेली. माझी संध्याकाळ अशा चौकशांत जाऊ लागली. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजाही येत होती.

आम्ही क्लेमेंटीत राहतो. नवरा तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो. तो एकदा जेवताना म्हणाला, “तू कारखान्यात नोकरीला आहेस की गाडीच्या?” मी त्याच्यावर चिडले. आपल्या माणसाचं काम आहे, म्हटलं.

शेवटी ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा सापडला. दुकान बंद करत होता. त्याच्याकडे जोडी होती, कधीच न वापरलेली, तेलकट कागदात गुंडाळलेली. सगळी मापं जुळली. मी सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

“महिनाअखेरीच्या आत आल्या पाहिजेत हं.”

“इन्स्पेक्शन आहे का, सर?”

“तसंच समज. आणि पार्सल तुझ्या पत्त्यावर मागव. मी टूरवर असेन.”

मग ते रोज विचारायचे, टूरवरूनसुद्धा. निघालं का, कुठवर आलं.

महिना संपत आला तेव्हा मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची बाई होती आणि सर होते. आमचा विभाग मलेशियाला हलवणार, माझी जागा राहणार नाही, आजच लॅपटॉप जमा करायचा. सगळं सरांनी सांगितलं, इंग्रजीत. माझ्याशी ते इतकं सलग इंग्रजी याआधी कधीच बोलले नव्हते. मी मराठीत विचारलं, “सर, मी काही चुकले का?” ते एचआरच्या बाईकडे पाहत राहिले.

खाली लिफ्टपाशी मात्र ते मागून आले.

“अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. वरून आलंय सगळं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या डिस्क निघाल्या ना तिकडून?”

“निघाल्या, सर,” मी म्हटलं.

आठवड्यानं पार्सल आलं. नवरा म्हणाला, ठेवून घे, येऊ दे त्यांना मागायला. मला ती घरात नको होती. बाजाराची ट्रॉली घेऊन मी बसनं त्यांच्या बिशानच्या कॉन्डोवर गेले. सर नव्हते. वहिनींनी दार उघडलं, खोकं पाहून खूश झाल्या.

“आल्या का! बस ना, चहा टाकते. यांना केवढी काळजी लागली होती. म्हणायचे, ती जायच्या आत डिस्क आल्या म्हणजे मिळवली, नंतर कोण शोधणार!”

“त्यांना कधीपासून माहीत होतं, वहिनी?”

त्या सहज बोलून गेल्या. “आमच्या गणपतीतच म्हणाले होते. कुणाला काढायचं ती यादी त्यांनीच करायची होती ना. त्यांनाही फार जड गेलं गं.” मग माझा चेहरा पाहून चहा टाकायला आत वळल्या.

म्हणजे कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट ठेवलं तेव्हा माझं नाव लिहून झालेलं होतं. चहा न घेताच मी उठले.

नोकरीबरोबर माझा इथं काम करायचा पासही गेला. आता मी नवऱ्याच्या नोकरीवर इथं राहते, डिपेंडंट पासवर. कामासाठी अर्ज करते. मुलाखतीत जुन्या साहेबांचा नंबर मागतात, तो द्यावा लागतो. ते चांगलंच बोलत असतील. मला त्याचाही राग येतो.

संक्रांतीला मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. सर तिथं भेटले. चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “माझ्या गाडीच्या डिस्क हिनं शोधल्या बरं का. मोठी हुशार मुलगी.”

कुणीतरी विचारलं, “सध्या कुठे असता?”

माझ्या आधी सरच बोलले. “सध्या घरीच आहे. संसाराकडे बघायचं ठरवलंय तिनं.”

“मी काही ठरवलं नाही,” मी म्हणाले. “यादीत माझं नाव तुम्ही घातलंत, सर. डिस्क शोधायला सांगायच्या आधी.”

सर हसले. “मस्करी करते ही,” म्हणाले आणि शेजारच्या माणसाला तिळगुळ देऊन गाडीच्या इंजिनाबद्दल सांगू लागले. तो माणूसही मान डोलावत ऐकायला लागला.