जरीनाआपांना मागे का बसवलं?

आत्ताच घरी आलेय. लगेच लिहायला बसलेय.

आज भाईंदर पूर्वेला एका हॉलमध्ये दहशतवादी हल्ल्यांत गेलेल्यांना श्रद्धांजली होती. माझा भाऊ बॉम्बस्फोटात गेला, म्हणून मला बोलावलं होतं. जरीनाआपांचा मुलगाही त्याच स्फोटात गेला. शवागाराबाहेर आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो, तेव्हापासूनची आमची ओळख.

आजही आम्ही शेजारीशेजारी, पहिल्या रांगेत बसलो. तेवढ्यात एक कार्यकर्ता आपांना म्हणाला, "आप जरा पीछे बैठिए, सामने फोटो निकालना है."

"त्यांनीच का?" मी विचारलं.

"ताई, समजून घ्या ना."

काय समजून घेऊ?

आपा बुरखा सावरत उठल्या. मी काही बोलायच्या आत चौक गावच्या हिरामावशी उभ्या राहिल्या. त्यांचा नवराही अशाच हल्ल्यात गेलाय. "ती मागं बसनार, तर मी पन पुढं बसनार न्हाय," म्हणाल्या आणि श्रद्धांजलीसाठी टेबलावर मांडलेला नवऱ्याचा फोटो उचलून मागे निघाल्या. मग ज्यांची माणसं गेलीत ते आम्ही सगळेच उठून मागे गेलो. प्रमुख पाहुण्यांनी पुढच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण ठोकलं.

निघताना आपा म्हणाल्या, "अगले साल मैं घर पे ही दुआ कर लूंगी. मेरी वजह से तुम लोगों को तकलीफ होती है."

मला तिथेच रडू फुटलं.

हॉल भरलेला होता. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे होते, मी पाहिलंय. आपा उठल्या तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?